घरातली माणसं कागदावर : कथालेखकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांत निम्म्याहून अधिक पत्रं घराबद्दलची आहेत. आई, बाप, मोठा भाऊ, सासू, आणि या सगळ्यांच्या मध्ये वाढणारं एखादं पोर. पत्रं लांब होती, प्रश्नापुरती छाटली आहेत.

प्रश्न : माझ्या कथेतल्या मुलीला दहावीनंतर कला शाखेत जायचंय, आईवडिलांना ती डॉक्टर व्हायला हवी आहे. कथा तिघांनी वाचली. तिघंही म्हणाले, आईवडील फार खलनायकी झालेत. पण मला दबावच तर दाखवायचाय! (लातूर)

उत्तर : आधी पेन्सिल घ्या. ‘दबाव’, ‘अपेक्षा’, ‘ओझं’, ‘स्वप्नं लादली’ असे शब्द मसुद्यात जिथे जिथे आलेत तिथे गोल करा. प्रत्येक गोल म्हणजे न लिहिलेला एक प्रसंग आहे. घरात कुणी ‘मी तुझ्यावर दबाव आणतोय’ असं म्हणत नाही. म्हणतात ते असं : ‘तू फक्त अभ्यास कर, बाकीचं आम्ही बघतो.’ यात माया आहे, आणि ‘बाकीचं’ या शब्दात हिशेबही आहे. तो हिशेब उघडलात की माणसं खलनायक राहत नाहीत.

दबावाला कथेत तीन गोष्टी लागतात : तोंड, तारीख आणि किंमत. तोंड म्हणजे बोलणारं माणूस. ते बहुधा बापाचं नसतं. ‘आमच्याकडे पहिली डॉक्टरीण होणार’ हे मामा चारचौघांत बोलून जातो आणि बाप नुसता हसतो. तारीख तुमच्याकडे आयतीच आहे : फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा, मे-जूनमध्ये निकाल, मग अकरावीचा अर्ज. क्लासची नावनोंदणी निकालाआधीच सुरू होते, म्हणजे मुलीचं मत विचारायची वेळ येईपर्यंत पहिला हप्ता भरलेला असतो. खरी गाठ इथे आहे.

राहिली किंमत. तुम्ही लातूरच्या आहात, ती रोज पाहत असाल. बाहेरगावच्या कितीतरी आया मुलांच्या क्लाससाठी दोन वर्षं लातुरात खोली करून राहतात. शेगडी, कुकर, दोन गाद्या. गावाकडे नवरा आणि धाकटा मुलगा हातानं भाकरी थापतात. या आईनं तोंडातून एक शब्द काढायची गरज नाही. शहरात तिची कुणाशी ओळख नाही, दिवसभर ती मुलगी परत यायची वाट बघते. त्या आईला ‘मला हे नको’ कसं सांगायचं? तुमची कथा एवढ्याच प्रश्नाची आहे.

वाक्याच्या पातळीवर फरक असा पडतो. मसुद्यात तुम्ही लिहिलंय : ‘आईबाबांच्या अपेक्षांच्या ओझ्याखाली ती दबून गेली होती.’ त्याऐवजी : ‘क्लासची पावती बाबांनी देव्हाऱ्यात ठेवली होती. दिवा लावताना आईनं ती जरा बाजूला सरकवली, तेलाचा डाग पडू नये म्हणून.’

किंमत एकदम सांगून टाकू नका. तीन हजार शब्दांच्या कथेत ती तीनदा यावी : एकदा जाता जाता, एकदा कुणाच्या तरी गैरसोयीतून, आणि शेवटी मुलीच्याच तोंडून, भांडणात. आणखी एक करा. आईवडिलांना एका मुद्द्यावर बरोबर ठेवा आणि मुलीला एका मुद्द्यावर चूक. कला शाखेत जाऊन पुढे काय करणार हे तिनं अजून कुणालाच, स्वतःलाही, सांगितलेलं नसेल, तर बापाचा प्रश्न रास्त ठरतो.

प्रश्न : एकत्र कुटुंबावर कादंबरी लिहितोय. पहिल्याच प्रकरणात अकरा माणसं आहेत. वाचणारे म्हणतात, कोण कुणाचं कोण ते कळत नाही. वंशावळ छापावी का? (सांगली)

उत्तर : वंशावळ भिंतीवर लावा, पण तुमच्या, लिहिण्याच्या टेबलासमोर. पुस्तकात नको. पहिल्या हजार शब्दांत चारापेक्षा जास्त नावं येऊ देऊ नका, आणि प्रत्येक माणूस काहीतरी करताना आत येऊ द्या. ‘धाकटे काका’ लक्षात राहत नाहीत, सकाळी सगळ्यांच्या आधी वर्तमानपत्र बळकावणारे काका राहतात.

नावांपेक्षा हाका वापरा. मराठी नात्यांची हाक ही अर्धी माहिती असते. तीच बाई दिराला वहिनी, पुतण्याला काकू, सासऱ्याला सूनबाई, धाकट्या जावेला जाऊबाई. हाक बदलली की बघणारा बदलला, हे वाचकाला न सांगता कळतं. जुन्या मोठ्या घरांत मुलं स्वतःच्या आईलाच ‘वहिनी’ म्हणायची, कारण काका तीच हाक मारताना ऐकलेलं असायचं. बापाला दादा, भाऊ, अण्णा, नाना. अशा घरात आई फक्त आपली नसते हे पोर बोलायला शिकतानाच शिकतं. यावर निबंध लिहू नका, मूल ‘वहिनी’ म्हणून तिच्या पदराला लोंबकळतंय एवढं दाखवा.

आजच्या घरातही ही युक्ती चालते. तिशीतलं जोडपं खोलीत एकमेकांना नावानं, अरे-अगं करतं आणि सासूसमोर तिच्या तोंडून आपोआप ‘अहो’ निघतं. परंपरा, आधुनिकता वगैरे शब्दांना सुट्टी.

दुसरा आधार कार्यांचा. बारशाला नाव आत्या ठेवते, लग्नात नवरीला मांडवात मामा आणतो, मागे करवली करा घेऊन उभी असते. (समाजागणिक रीत बदलते, तुमच्या पात्रांच्या घरातली तेवढी विचारून घ्या.) ही कामं ठरलेली असल्यामुळे गैरहजेरी लगेच दिसते. आई आणि मामा बारा वर्षं बोलत नसतील तर मुलीला मांडवात कोण आणणार? हा एक पेच अकरा माणसांची नाती वंशावळीपेक्षा लवकर समजावून देईल.

आणि जागा मोजा. दोन खोल्यांच्या घरात कोण कुठे झोपतं याचा नकाशा प्रत्येक प्रकरणासाठी काढा. चाळीत मोठ्या भावाचं लग्न झालं की धाकट्याची वळकटी गॅलरीत जाते. त्याचं वयात येणं तुम्ही त्या वळकटीवरून सांगू शकता.

प्रश्न : बहिणीनं भावाच्या नावे जमिनीचा हक्क सोडला, असा प्रसंग माझ्या कथेच्या मध्यावर आहे. भाऊ घरी स्टँपपेपर आणतो, ती रडत सही करते. प्रसंग खोटा वाटतो असं एकानं सांगितलं. कारण कळेना. (बार्शी)

उत्तर : कारण आहे, आणि ते रडण्यात नाही, कागदात आहे. शेतजमिनीचं हक्कसोडपत्र घरी सही करून पुरं होत नाही, त्याची नोंदणी करावी लागते. नुसतं नोटरी केलेलंही पुरत नाही. तुमच्या वाचकांपैकी अनेकांनी ही प्रक्रिया स्वतः भोगलेली असते, त्यामुळे ते तिथेच अडखळतात.

क्रम असा लिहा. वडील गेले. तलाठ्याकडे (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी आहे, पण गाव अजून तलाठीच म्हणतं) वारस नोंदीचा अर्ज गेला. फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याची नोंद, लिहिला गेला, नोटीस निघाली, मंडळ अधिकाऱ्यानं तो प्रमाणित केला. सातबाऱ्यावर आई, भाऊ आणि बहिणी अशी सगळी नावं चढली. इथपर्यंत कुणी काही मागितलेलं नाही, आणि तरी घरात कुजबुज सुरू झालेली आहे, कारण बहिणीचं नाव पहिल्यांदाच छापून आलंय. मग दुय्यम निबंधकाच्या, म्हणजे दस्त नोंदवणाऱ्या, कार्यालयातला दिवस. तिथे तिला स्वतः जावं लागतं. फोटो निघतो, अंगठा घेतला जातो, ओळख पटवायला दोन माणसं लागतात. आणि दस्त तिनंच करून दिलाय हे तिला तिथे कबूल करावं लागतं. खिडकीपलीकडचा माणूस रोज पन्नासांना विचारतो तशा कोरड्या आवाजात विचारतो. तिचं ‘हो’ हा तुमचा प्रसंग. रडणं काढून टाका, रांगेत ती वहिनीशी पोरांच्या शाळेबद्दल बोलत असू दे.

कथा कोणत्या सालातली आहे ते लिहिलेलं नाहीत, पण त्यावर बरंच अवलंबून आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानुसार मुलगी बापाच्या हिश्शात वारस होतीच, त्यामुळे १९८५ मधल्या कथेतही तिची सही लागेल. वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः मुलासारखा हक्क महाराष्ट्रात २२ जून १९९४ पासून आला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. केंद्राच्या दुरुस्तीनं ९ सप्टेंबर २००५ पासून ती लग्नाची अट गेली. त्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे १९९३ मध्ये लग्न झालेली थोरली आणि १९९५ मध्ये झालेली धाकटी, एकाच आईच्या दोन मुली, अकरा वर्षं कायद्यानं वेगळ्या होत्या. ही जोडी आम्हाला कुठल्याच मसुद्यात भेटलेली नाही. घ्या हवी तर.

आता माणसं. हावरा भाऊ ही सोपी वाट आहे. वडिलांच्या दवाखान्याचा खर्च ज्यानं एकट्यानं केला, विकास सोसायटीचं कर्ज ज्याच्या डोक्यावर आहे असा भाऊ घ्या. तिच्या नवऱ्याला हिस्सा हवा आहे असंही करा. मग दोन्हीकडून ओढ लागते आणि ‘हो’ म्हणून ती कुणाचीच होत नाही. सही नाकारली तर तिचं जातं ते निव्वळ जमिनीच्या भाषेत मोजता येत नाही. भाऊबीज जाते, पोरीच्या बाळंतपणाला हक्काचं घर जातं, आणि पोरीच्या लग्नात मांडवात आणायला मामा राहत नाही. ‘माहेर तुटेल’ हे दोन शब्द गावात कुणीही बोलतं. कथेत मात्र ते कुणी उच्चारू नयेत.

प्रश्न : माझा निवेदक नऊ वर्षांचा आहे. संपादकांनी कथा परत केली, शेरा : ‘मुलगा चाळिशीतला वाटतो.’ (बेळगाव)

उत्तर : शेरा मार्मिक आहे. आधी ठरवा, बोलणारा नऊ वर्षांचा आहे की नऊ वर्षांचं आठवणारा मोठा माणूस. ‘मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो’ लिहिलंत की दुसरा पर्याय पक्का झाला, मग मोठ्याची समज चालते, पण ती पहिल्या पानापासून हवी. बिघडतं ते दोन्हींची सरमिसळ झाली की. मूल बोलतंय, बोलतंय, आणि मधेच लेखक त्याच्या खांद्यावरून वाचकाला डोळा मारतो.

मूल स्वतः बोलत असेल तर ‘घुसमट’, ‘अस्तित्व’, ‘मानसिकता’, ‘समाज’ हे शब्द हद्दपार करा. मात्र मोठ्यांचा एखादा शब्द त्याच्या कानावर पडलेला असतो आणि तो चुकीचा वापरतं, ते ठेवा. घरी ‘आपली परिस्थिती नाही’ असं सारखं ऐकलेलं पोर म्हणेल, ‘शेजाऱ्यांकडे परिस्थिती आहे, आमच्याकडे नाही.’ गरिबीवर वेगळा परिच्छेद लिहायची गरजच उरली नाही.

मुलाचं लक्ष कुठे आहे ते शोधा आणि मोठी घटना त्या लक्षाच्या कडेनं जाऊ द्या. मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’ (२००४) मध्ये काळ आणीबाणीचा आहे, पण मुलगा नववीत आहे आणि त्याचं ध्यान वर्गातल्या एका मुलीकडे. आणीबाणी त्यामुळेच खरी वाटते, कारण ती त्याच्या वाटेत येते, तो तिच्या वाटेला जात नाही. तुमच्याच गावचा लंपनही पुन्हा वाचा, प्रकाश नारायण संतांचा. आईबाबांपासून दूर, आजीआजोबांकडे राहणाऱ्या त्या मुलाचं एकटेपण लेखक नाव देऊन सांगत बसत नाही. नक्कल मात्र करू नका. बेळगावहून येणाऱ्या दर तिसऱ्या मसुद्यात लंपनसारखं बोलणारं पोर असतं, ते लगेच ओळखू येतं.

बोलीबद्दल एक. तुमच्या आणि कोल्हापूरच्या बाजूला मुली ‘मी आलो, मी गेलो’ म्हणतात. शाळेत बाई ‘आले, गेले’ करून घेतात. मोठी बहीण पुण्याला कॉलेजात गेली की पंधरा दिवसांत तिचं ‘आलो’ जातं. दिवाळीला घरी आल्यावर ती काय म्हणते आणि धाकटा त्यावर हसतो की गप्प बसतो, हे टिपायला नऊ वर्षांचा कान पुरेसा आहे.

प्रश्न : कथा १९७२ ते १९८४, मुंबई, गिरणगाव. मुलगी १९७३ मध्ये दहावी बोर्डाला बसते. आणखी काय तपासावं? (डोंबिवली)

उत्तर : पहिली चूक तिथेच आहे. १९७३ मध्ये बोर्ड अकरावीला होतं. नव्या पद्धतीची पहिली दहावी १९७५ ची, पहिली बारावी १९७७ ची. सोळाव्या वर्षी तिचं लग्न १९७६ मध्ये केलंत तर ते कायद्यात बसतं, मुलीचं वय अठरा आणि मुलाचं एकवीस ही मर्यादा १९७८ ची. परस्परसंमतीनं घटस्फोट हिंदू विवाह कायद्यात १९७६ मध्ये आला, त्याआधी कुणा पात्राला ‘समजुतीनं वेगळे होऊ’ म्हणायला लावू नका. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पण चाळीत टीव्ही असेल तर एकाच खोलीत, आणि दाराशी पोरांची गर्दी.

१८ जानेवारी १९८२ या तारखेला मात्र थांबा. गिरणी कामगारांचा संप सुरू झाला हे इतिहासाच्या पुस्तकात आहे. तुमच्या कथेत त्या दिवसापासून बाप दिवसा घरी दिसू लागतो. पाळीप्रमाणे झोपणारा, जेवणारा माणूस आता दुपारी दाराशी बसून असतो. बायका बाहेर पडतात, कुणी डबे करते, कुणी धुण्याभांड्याला जाते. मुलगी तेव्हा कमावती असेल तर घरातला मोठा माणूस कोण, हा प्रश्न न बोलता उलटा होतो. पगाराचं पाकीट ती कुणाच्या हातात देते? आधी बापाच्या, मग आईच्या, मग फळीवरच्या डब्यात. तीन महिने, तीन जागा. संपाचं भाषण लिहिलं असेल तर काढा.

प्रश्न : कुटुंबातला दबाव म्हटलं की सगळे मुलींवर लिहितात. माझा नायक चौतीस वर्षांचा, चार एकरवाला, लग्न जमत नाही. लोक विनोदी कथा समजून वाचतात. (मोहोळ)

उत्तर : कारण आपल्याकडे लग्नाळू पुरुष हे हसण्याचंच पात्र आहे. डिसेंबर २०२२ मध्ये तुमच्याच सोलापुरात तरुण नवरदेवाच्या वेशात जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा घेऊन गेले. बातमी बहुतेकांनी हसत वाचली, त्यामागचं कारण हसण्यासारखं नव्हतं. हसू टाळायला धडपडू नका. पहिल्या दोन पानांत हसू द्या, मग धाकटा भाऊ आणा. त्याला नोकरी आहे, स्थळ सांगून आलंय, आणि थोरल्यामुळे अडलंय. कुणी काही म्हणत नाही, फक्त पाहुणे आले की आई थोरल्याला शेतावर पाठवते.

‘मुलींच्या अपेक्षा वाढल्या’ हे वाक्य कथेत येणारच. ते नायकाच्या तोंडी द्या, आणि त्याच आठवड्यात त्याला स्वतःच्या बहिणीसाठी ‘नोकरीवालाच बघू’ म्हणायला लावा.

प्रश्न : एकच घर, भाऊ आणि बहीण दोघं आळीपाळीनं सांगतात. दुसरा भाग पहिल्याची उजळणी होतोय. (पणजी)

उत्तर : सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) ही कादंबरी वही घेऊन उघडून बसा. आधी भाऊ सांगतो, मग बहीण. दोघंही घरी भाड्यानं राहायला आलेल्या एकाच तरुणात गुंतलेले. मोजा, दोन्ही भागांत सामाईक प्रसंग कोणते आहेत आणि एकाला माहीत असलेलं दुसऱ्याला कुठे माहीत नाही. तुमच्याकडेही सामाईक प्रसंग तीनच ठेवा. बाकी पानं ज्याची त्याची. आणि आळीपाळी सोडा : प्रकरणागणिक आवाज बदलला की वाचक कुणाच्याच घरात राहत नाही, नुसता जिने चढतो-उतरतो.

प्रश्न : शेवटी नायिका बॅग भरून घराबाहेर पडते. हा शेवट जुना झाला का? (नागपूर)

उत्तर : बॅग जुनी झाली, बाहेर पडणं नाही. ती त्या रात्री कुठे झोपते? पर्समध्ये किती पैसे, आधार कार्ड कुणाच्या कपाटात? याची उत्तरं तुम्हाला माहीत नसतील तर शेवट तिचा नाही, तुमच्या सोयीचा आहे. उत्तरं मिळाली की कदाचित तुम्ही तिला स्टेशनवर न सोडता कथा घरातच ठेवाल. दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाला बेल वाजवतो, एक लिटर की अर्धा विचारतो, आणि सासू की नवरा, कोण दार उघडतं, ते लिहून बघा. शेवटचे दीडशे शब्द हातानं झाकून कथा एकदा मोठ्यानं वाचा. ती तिथे संपली असेल तर झाकलेलं परत उघडू नका.